ट्रे घेऊन येणारे सासरे

फोन आला तेव्हा मी जयसिंगपूरला माहेरी होते. भाचीचं बारसं होतं. पाळण्याला फुलं बांधून झाली होती आणि नावावरून बायकांची नेहमीप्रमाणे जुंपली होती. फोनवर आमचे हे होते. “अप्पा गेले,” एवढंच म्हणाले. सासरे गेल्याचं ऐकून सून काय करते? रडते, नाहीतर मटकन खाली बसते. माझ्या तोंडातून निघालं, “अहो, पण आज रविवार आहे ना...” पलीकडून हे हळूच म्हणाले, “हो.” मला काय म्हणायचंय ते त्यांना कळलं. रविवारी दुपारी चारला आमच्या घरात काय असतं ते त्यांना ठाऊक होतं. सकाळी निघताना मी पाया पडले तेव्हा अप्पा म्हणाले होते, “चारपतूर ये की. तू न्हाईस तर पिक्चर दिसायचा कसा मला?” गेली काही वर्षं अप्पांना दिसत नव्हतं, काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले होते. “येते की,” म्हणून मी निघाले होते... आणि चारच्या आत पोचलेसुद्धा. तेव्हा दारात चपलांचा ढीग होता आणि अप्पांना आमच्या लिंगायतांच्या रीतीनं भिंतीला टेकवून बसवलं होतं, कपाळाला ताजी विभूती लावून.

त्याला आता दीड महिना होईल. दिवसकार्याची शिवगणाराधना झाली, पाहुणे परतले. भेटायला येणारा प्रत्येक जण अप्पांबद्दल भरभरून बोलत होता. गुळाच्या सौद्यातला एका शब्दाचा माणूस, शिस्तीचा, कडक, तोंडावर फाडकन बोलणारा. सगळं खरं होतं. पण अप्पा किती हसायचे, हे एकानंही सांगितलं नाही. कसं सांगणार? ते हसणं आमच्या घराबाहेर कुणी ऐकलंच नव्हतं. आणि मला तर गेला दीड महिना दुसरं काही ऐकूच येत नाही.

नव्वद सालानंतर दोन-तीन वर्षांत मी लग्न होऊन कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या ह्या घरी आले. माझं माहेर हसऱ्या लोकांचं. वडील शाळामास्तर, घरात सतत कुणाची तरी नक्कल चाललेली, जेवताना ठसका लागेपर्यंत हसायचं. इथं आले तर घरात घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू यायची. अप्पा सकाळी लिंगपूजा करून मार्केट यार्डातल्या अडत दुकानात जायचे ते संध्याकाळी यायचे. सुनेनं सासऱ्यांपुढं बसायचं नाही, डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, सासऱ्यांनी सुनेला नावानं हाक मारायची नाही, काही हवं असलं तर ते सासूबाईंमार्फत. सासूबाईंना आम्ही अव्वा म्हणायचो. मी तीन पावलांवर उभी असले तरी अप्पा म्हणायचे, “पोरीला सांगा, पाणी आण म्हणावं.” आणि मी पाणी आणेपर्यंत अव्वा मला ते सांगायच्या. दोन महिन्यांत मला वाटायला लागलं, आपण आता पुन्हा कधी मोठ्यानं हसणारच नाही. हे मी ह्यांना सांगितलंसुद्धा. हे म्हणाले, “सवय होईल.” ह्यांचं सगळ्यावर तेच औषध होतं.

मग एका रविवारी दुपारी मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते आणि बाहेरच्या खोलीतून आवाज आला. आधी वाटलं अप्पांना ठसका लागला. पाण्याचा तांब्या घेऊन धावले, तर दारात अव्वांनी हातानं थांबवलं. अप्पा हसत होते. खुर्चीत पुढं वाकून, मांडीवर थापा मारत, डोळ्यांतून पाणी काढत. “साकु... साकु,” असं टीव्हीलाच म्हणत होते. साकु म्हणजे पुरे. कानडी त्यांच्या तोंडी फक्त दोनच वेळा यायची, पूजेला बसले की आणि हसू आवरेनासं झालं की.

त्यांनी व्हीसीआर घेतला होता तो कुणाच्या लग्नाची कॅसेट बघायला नव्हे, तर जुन्या इंग्रजी विनोदी चित्रपटांसाठी. काळे-पांढरे, अमेरिकेतल्या त्या हॉलिवूडचे, अप्पांच्याही जन्माच्या आसपासचे. तरुणपणी तालमीतल्या दोस्तांबरोबर ते टॉकीजातल्या रविवार सकाळच्या खेळांना जायचे तेव्हापासूनचं वेड. इंग्रजी म्हणाल तर ‘थँक्यू’च्या पुढं गाडी नाही. पण अडत दुकानात रोज येणाऱ्या माणसाचं तोंड बघून त्याच्या पोटातलं ओळखणारा हा गृहस्थ. त्यांना भाषेची काय गरज? उचगावच्या एका व्हिडिओ लायब्ररीवाल्यानं धंदा बंद करताना कुणी नेत नाही म्हणून असल्या कॅसेटी त्यांना देऊन टाकल्या. त्यातल्या निम्म्यांवरची नावं पुसली होती. मग आमच्या घरात त्यांची नावं पडली ‘शिडीचा पिक्चर’, ‘कुत्र्याचा पिक्चर’, आणि सगळ्यांत लाडका ‘जिन्याचा पिक्चर’.

मला ह्यातलं काही दिसायचं नाही. स्वयंपाकघराच्या दारातून दिसायचा तो फक्त अप्पांच्या खुर्चीचा मागचा भाग आणि त्यांची टोपी. बाहेर जाऊन बसणं शक्य नव्हतं. पण त्या रविवारनंतर एक गंमत सुरू झाली. अप्पा पिक्चर सांगायला लागले. मोठ्यानं, सौद्यात बोली पुकारतात त्या आवाजात. “आता बघा, ह्यो शिडी खांद्यावर घेऊन वळणार हाय. मागं तो जाडा उभाय, त्येला ठावंच न्हाय... गेला! गेला की टकुरं!” मी इकडं पोळपाटावर ओणवी होऊन हसू दाबायची. कधी तोंडात ओला हात कोंबायची, कधी कुकरची शिट्टी होईपर्यंत थांबायची आणि शिट्टीच्या आडून हसून घ्यायची. एकदा अव्वा वैतागल्या. त्या तर अप्पांच्या शेजारीच बसलेल्या. म्हणाल्या, “अवो, मला काय डोळं न्हाईत व्हय? दिसतंय की मला.” अप्पांनी पिक्चरवरची नजर काढली नाही. मग म्हणाले, “तुमास्नी कोण सांगतंय?” आणि परत पुकारायला लागले, आधीपेक्षा वरच्या पट्टीत. हातातली लाटी तशीच धरून मी उभी राहिले. ह्या घरात कुणीतरी माझ्याशी बोलत होतं.

जिन्याच्या पिक्चरमध्ये एक भलंमोठं घर होतं. मधोमध वळणाचा जिना. त्या घरात एक अवखळ पोरगी, जिची जीभ कातरीसारखी चालायची, आणि तिच्यामागं सगळा गोंधळ. हे मला अप्पांच्या सांगण्यावरून ठाऊक. आणि त्या घरात एक सासरे होते. अप्पांचा सगळा जीव त्या सासऱ्यांवर. “सासरं आलं बघा. आता सगळी गप.” “कोट बघा कसाय, एक सुरकुती न्हाय.” “आता सासरं जिना उतरनार हायत, हातात ट्रे हाय, त्यात चा, खाली सगळी एकमेकाच्या अंगावर पडल्यात, पर थेंब सांडायचा न्हाय...” आणि मग आवाज जरा खाली यायचा. “सुनंला चा देतोय. स्वतःच्या हातानं. तिकडं पद्धत हाय तशी.”

मी ऐकायची आणि थक्क व्हायची. सासरा सुनेला चहा देतो! मला तो माणूस लख्ख दिसायला लागला होता. उंच, ताठ, कमी बोलणारा, जवळजवळ आमच्या अप्पांसारखाच... फक्त हातात ट्रे घेतलेला. एकदा अव्वांनी विचारलं, “तुमी कशावरनं म्हंता सासरा हाय?” अप्पांचं उत्तर तयार होतं. “घरात सगळ्यांत भारी कोट कुणाचा हाय? सगळ्यांत कमी कोण बोलतंय? कोण आल्यावर सगळी सरळ हुत्यात? मग? सासराच की!” अव्वांनी मान डोलावली. मीसुद्धा मान डोलावली, स्वयंपाकघरात, एकटीनं.

लग्नानंतर दोन वर्षांनी मला दिवस गेले आणि पाचव्या महिन्यात सगळं संपलं. दवाखान्यातून आणल्यावर मी मागच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. घरातलं कुणी वाईट बोललं नाही, पण कुणी काही बोललंच नाही. ह्यांचं ‘सवय होईल’ हे औषध इथं चालणार नव्हतं, म्हणून हे दुकानातच बसून राहायचे. अव्वा ताट आणून ठेवायच्या आणि डोळे पुसत परत जायच्या. माहेरी पाठवून द्या, असं कुणीतरी म्हणत होतं. मलाही वाटत होतं, जावं आणि परत येऊच नये. ह्या घरात मला धरून ठेवणारं आता काय होतं?

रविवार आला. चार वाजले तरी बाहेरून टीव्हीचा आवाज नाही. मग दाराशी कप वाजल्याचा आवाज आला. मी वळून बघितलं आणि माझा डोळ्यांवर विश्वास बसेना. दारात अप्पा उभे होते. अंगात लग्नाकार्यात घालायचा काळा कोट, भर उन्हाळ्यात, खालपासून वरपर्यंत बटणं लावलेला. एका हातावर नॅपकिनची घडी. दुसऱ्या हातात स्टीलचा ट्रे, त्यात कपबशी. हनुवटी वर, नजर समोरच्या भिंतीवर, मान ताठ. ते एकेक पाऊल मोजून टाकत होते आणि दर पावलाला चहा बशीत सांडत होता. उंबऱ्याला पाय अडखळला तसा उरलेला चहाही निम्मा गेला, कोटावर. पण हनुवटी खाली आली नाही. माझ्यापाशी येऊन ते कमरेत वाकले, ट्रे पुढं केला आणि भिंतीकडं बघतच म्हणाले, “घे पोरी. तिकडं पद्धत हाय.”

मी हसले. आधी नाकातून, मग तोंडावर हात ठेवून, आणि मग हात बाजूला सारून... माहेरी हसायची तशी. हसता हसता रडायला लागले, आणि इतक्या दिवसांत न आलेलं रडू एकदाचं आलं. अप्पा तसेच उभे. सुनेचं रडणं बघू नये म्हणून तोंड भिंतीकडं, पण जागचे हलले नाहीत. बशीतला थंड चहा मी पिऊन संपवला तेव्हा म्हणाले, “ऊठ. भाईर चल. पिक्चर लावतो.” मी बाहेर आले आणि सवयीनं स्वयंपाकघराकडं वळले. अव्वा सरकून बसल्या आणि आपल्या शेजारच्या जागेवर थाप मारत म्हणाल्या, “हितं बस की. किती दिवस कानांनीच बघशील?” सासऱ्यांसमोर मी पहिल्यांदा बसले ती अशी.

त्या दिवशी मी जिन्याचा पिक्चर डोळ्यांनी बघितला. त्या अवखळ मुलीचा घोळ, दारांची उघडझाप, पडापड. आणि ते ‘सासरे’ आले. उंच, ताठ, सुंदर कोटातले. त्यांनी आलेल्या पाहुण्याची टोपी काढून घेतली. दार उघडून धरलं. एका पोरसवदा माणसानं त्यांच्यावर खेकसून बूट पुढं केले आणि त्यांनी ते पुसले. मी बारावीपर्यंत शिकलेली, मला कळायला वेळ लागला नाही. तो घरातला नोकर होता. मी अप्पांकडं बघितलं. कोटावर चहाचा मोठा डाग, हातावर अजून तो नॅपकिन, आणि चेहरा असा फुललेला की बस्स. “बघ, बघ... आता उतरनार जिना,” ते मला म्हणाले. थेट मला, अव्वांमार्फत नव्हे. मार्केट यार्डात ज्यांच्यापुढं भलेभले आवाज खाली करायचे, त्या माणसानं मला जगवायला एका नोकराची नक्कल केली होती, त्याला घराचा सर्वांत मोठा माणूस समजून. हे अप्पांना कळू द्यायचं नाही. जन्मात कधी बोलायचं नाही हे तिथंच ठरलं.

त्यानंतर मीही ह्या चित्रपटांच्या नादाला लागले आणि अजून सुटलेले नाही. काय आहे त्यांच्यात? लोक म्हणतात, नुसती पडापड. असेल. पण तिथं पडलेला माणूस मरत नाही, आणि मुख्य म्हणजे लाजून घरात बसत नाही. उठतो, टोपी शोधतो, कोट झटकतो आणि परत त्याच दारानं आत जातो. खिशात दमडी नसली तरी वागणं राजासारखं. पोलीस मागं लागलेला असताना समोरून बाई आली की आधी टोपी काढणार, मग पळणार. आणि त्या बोलक्या पिक्चरमधली माणसं एकमेकांशी इतकी भांडतात, की शेवटी त्यांना एकमेकांशिवाय करमतच नाही. आमच्या कोल्हापूरच्या माणसाला हे वेगळं शिकवायला नको. ज्यानं हे बनवलं त्याला कोल्हापूर कुठं आहे हे माहीत असायचं कारण नाही, पण आपल्या घरात कुणीतरी मागच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडलंय, हे त्याला माहीत असावं असं मला वाटतं.

आणि अप्पा हे नुसतं बघत नव्हते. एकदा पावसाळ्यात आम्ही सगळे गगनबावड्याला गेलो होतो. तिथला पाऊस म्हणजे दोन हातांवरचं माणूस दिसायचं नाही. अक्षता, माझी मुलगी, तेव्हा माझ्या कडेवर होती. पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले अप्पा उतारावर घसरले ते थेट चिखलात, बसकण मारून. आम्ही सगळे जागीच थिजलो, आता कुणाकुणाला बोलणी बसतात म्हणून. अप्पांनी आधी टोपी शोधली. ती झटकून डोक्यावर ठेवली. मग उठून, ज्या दगडावरून पाय सरकला होता त्या दगडाला वाकून नमस्कार केला. कडेवरची पोर टाळ्या वाजवायला लागली. ह्यांनासुद्धा हसू आलं, आणि ते बघून मला.

पुढं अव्वा गेल्या. व्हीसीआर जाऊन सीडी आली, उचगावच्या कॅसेटीवरून यार्डातल्या एका ओळखीच्या पोरानं जिन्याचा पिक्चर सीडीवर उतरवून दिला. आणि हळूहळू अप्पांची नजर गेली. बाजूनं कमी होत होत मधला एक ठिपका राहिला, मग तोही गेला. ऑपरेशनचा उपयोग झाला नाही. त्यानंतरच्या रविवारी त्यांनी खुर्ची टीव्हीसमोरून हलवून खिडकीपाशी लावायला सांगितली. मी ती परत जागेवर आणली, पिक्चर लावला आणि त्यांच्या शेजारी बसून पुकारायला लागले. “अप्पा, शिडी खांद्यावर घेतलीय. वळतोय बघा. मागं तो जाडा उभा आहे...” सुरुवातीला मी पुटपुटतच होते. अप्पाच ओरडले, “जोरात बोल की! सौद्यात असं पुटपुटलीस तर माल जाईल व्हय?” मग मीही सुरू झाले, लाजबिज सोडून. शेजारपाजारच्यांना वाटत असेल, ह्या घरात दर रविवारी गुळाचा लिलाव चालतो. अप्पा विचारायचे, “सासरं आलं?” मी म्हणायची, “आले की अप्पा. जिना उतरतायत.” “सांडलं काय?” “थेंब नाही.” “वा!”

अक्षता इंग्रजी शाळेत जाते. मोठी झाली तसं तिला सगळं कळायला लागलं आणि मला धाकधूक सुरू झाली. एका रविवारी ती आमच्यासोबत बसली होती; अप्पांना ती आज्जा म्हणायची. मी म्हटलं, “सासरे आले,” तशी तिनं चमकून माझ्याकडं बघितलं. “सासरे? आज्जा, तो तर...” मी तिचा दंड धरला आणि तिला ओढतच स्वयंपाकघरात नेलं. काळ्या कोटाची, सांडलेल्या चहाची गोष्ट मी तोवर कुणालाच सांगितली नव्हती, ह्यांनाही नाही. ती तिला सांगितली. तिनं ती पूर्ण ऐकून घेतली. मग तिच्या वयाला शोभेल असं म्हणाली, “पण आई, ते खरं नाही ना. आज्जांना कुणीतरी सांगायला हवं.” मी म्हटलं, “सांग. आत्ता जा आणि सांग. मग त्यांनी मला चहा आणून दिला तो कोण होऊन दिला, तेही तूच सांग त्यांना.” बाहेरून अप्पा ओरडत होते, “अगं कुठं गेलासा सगळी? जिन्यावर काय चाललंय मला कसं कळायचं?” अक्षता बाहेर गेली. मी दाराशी कान देऊन उभी राहिले. ती म्हणाली, “आज्जा, सगळे पडलेत, एकावर एक.” पुढं त्या माणसाचं नावच न घेता म्हणाली, “चहा नाही सांडला.” तेवढ्यावर तिनं तडजोड केली होती. ‘सासरे’ हा शब्द मात्र तिच्या तोंडून कधी निघाला नाही.

अप्पांची आठवण येते हे खरं तर एका ओळीत सांगून झालं असतं. स्वयंपाकघरात असले की वाटतं, आता बाहेरून हाळी येईल. चार वाजले की हात चहाकडं जातात आणि कुणाच्या कपात ओतायचा ते कळत नाही. अडचण अशी की पिक्चर माझ्याच्यानं लावला जात नव्हता. दर रविवारी मी टीव्हीवरचं कापड काढायची, आणि परत घालायची.

गेल्या रविवारी अक्षतानं मला न विचारता जिन्याचा पिक्चर लावला. हे दुकानातून लवकर आले होते. येऊन बसले, अप्पांची खुर्ची सोडून सतरंजीवर. कुणी पुकारत नव्हतं. पिक्चर आपला चालला होता, दारं उघडत होती, माणसं पडत होती. मग जिन्याच्या वरच्या टोकाला तो काळा कोट दिसला. हातात ट्रे, हनुवटी वर. अक्षता खणखणीत आवाजात म्हणाली, “आज्जा आले!”

ह्यांनी मांडी सावरली. आणि माझा हात आपसूक डोक्यावर गेला, पदर पुढं ओढायला. अंगात गाऊन होता, पदर कुठला? पण सासरे जिना उतरत होते, आणि ते खालच्या पायरीशी येईपर्यंत मी तो हात तसाच डोक्यावर धरून बसले.